उरलेलं वाण

आई,

काल माझी मॅमोग्राफी झाली. हा शब्द तुला समजावून सांगायला नको, तुझीही झाली होती. तू त्याला शेवटपर्यंत 'दाबायचा फोटो' म्हणत राहिलीस आणि आता मला वाटतं, तेच नाव बरोबर आहे. दोन पाट्यांच्या मध्ये छाती ठेवायची, वरची पाटी हळूहळू खाली येते आणि समोरची पोरगी अगदी गोड आवाजात म्हणते, "ताई, श्वास धरा." धरा म्हणायची गरजच नसते, तो आपोआप धरला जातो. माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली. कोलेस्टेरॉल वाढलंय, त्याची गोळी सुरू झालीय. गोळी लिहून देताना डॉक्टरांनी घरात कुणाला काय होतं ते विचारलं, मी बाबांचं हृदय सांगितलं आणि त्याच्या मागोमाग तुझी गाठ सांगून गेले. तेवढ्यावरून हे सगळं लागलं मागे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

फोटो बघणारी डॉक्टर तरुण होती, माझ्या शाळेत शिकून गेलेल्या मुलींच्या वयाची. तिनं फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. सगळा पांढरा. कडेला थोडा काळा भाग आणि मध्ये नुसतं पांढरं पसरलेलं, कुठे दाट, कुठे त्याहून दाट. मी तो ओळखला, आई. हुबेहूब असाच फोटो मी एकदा तुझा बघितला होता, असाच पेटीवर लावलेला, तू शेजारी पदर सावरत बसलेली असताना. इतकी वर्षं तो माझ्या डोळ्यांपुढे होता आणि त्याचा अर्थ मला काल कळला. तेव्हापासून मनात जे चाललंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? तुझ्या जावयाला सांगितलं तर ते म्हणतील, आता जुनं कशाला उकरतेस.

जुनं म्हणजे ते हळदीकुंकू. बाबा जाऊन दोन की तीन संक्रांती झाल्या होत्या. प्रेसमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते गेले, दुखतंय म्हणून पुरतं सांगायलाही वेळ मिळाला नाही, आणि तू जेल रोडच्या या घरात एकटी राहायला लागलीस. मी निफाडला, सासर, शाळा आणि द्राक्षं यांच्यात. रविवारी सकाळच्या एस.टी.नं यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. समोरच्या दारात काकू. तुझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि सोसायटीत पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळं त्यांच्या हुकमानं. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की दरवर्षी तीच चहाची गाळणी आणि तीच साबणदाणी वाण म्हणून वाटण्यापेक्षा बायकांच्या उपयोगाचं काही द्यावं. गंगापूर रोडला त्यांच्या नात्यातल्या एका डॉक्टरांनी छातीच्या फोटोचं मशीन आणलं होतं. त्यांनी काही फोटो फुकट काढून द्यायचं कबूल केलं आणि त्याची पिवळी कूपनं छापली. संक्रांतीचं वाण म्हणून तपासणी. नाशिक रोडला तरी असलं वाण आधी कुणी दिलेलं नव्हतं.

मी त्या दिवशी नव्हते. तू मला ते रविवारी सांगितलंस, स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलताना, आणि मला अजून ते ताट दिसतं. मंडळाचा सगळा तिळगूळ तूच केला होतास, कारण पाक तुझ्यासारखा कुणाला जमत नसे. काकूंच्या आतल्या खोलीत बसून तू पाकिटं भरलीस. एकेका पाकिटात तिळाच्या दोन वड्या, हळदीकुंकवाची पुडी आणि पिवळं कूपन, असं तूच हातानं घातलंस. मग बाहेर बायका जमल्या, ओटी-अत्तर झालं, पाकिटं वाटली गेली आणि तू आतच बसून राहिलीस. त्याचं तुला वाईट वाटलं असेल असं तुझ्या सांगण्यात कुठेच नव्हतं. उलट कौतुकच होतं, काकूंनी किती छान भाषण केलं वगैरे. चार-पाच पाकिटं उरली तेव्हा काकूंनी तुलाच विचारलं, वहिनी, यांचं काय करू? तू म्हणालीस, ठेवा की, रथसप्तमीपर्यंत कुणी ना कुणी येतंच. मी विचारलं, तुला नाही का दिलं एखादं? तू शेंग उकलत म्हणालीस, "मला कसं देतील? वाण हाय ते. सवाष्णीचं." आणि सगळ्यात कोवळे दाणे माझ्यापुढे सरकवलेस. मी ते खाल्ले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटायला आपल्याकडे आधी माणूस जावं लागतं.

रक्ताची तपासणी मात्र सगळ्यांना होती, बाप्यांनासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये टेबल मांडलं आणि सगळे उपाशीपोटी रांगेत. रक्ताला सवाष्ण आणि विधवा कळत नाही असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण तसंच धरलं असणार. काकूंनी तुला हाताला धरून रांगेत पहिलं उभं केलं. तुझा कोलेस्टेरॉलचा आकडा सोसायटीत सगळ्यात मोठा निघाला. तू घाबरलीस. तुझा नवरा हृदयानं गेला होता, त्यामुळे मरण म्हटलं की ते तिथूनच येणार, अशी तुझी खात्री होती. "यांचं बी हेच वाढलं असंल," तू म्हणालीस, "कुनी बघितलंच नाय." आणि मग तू त्या कोलेस्टेरॉलच्या मागे लागलीस ती तुझ्या माहेरची, चांदवडची बाई भांडणात मागे लागते तशी.

आधी शेंगदाण्याचं कूट गेलं. मग खोबरं. मग फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा आला. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी बंद झाली, वाफवलेली भगर सुरू झाली. होळीला तू पुरणपोळी केलीस आणि तुपाची वाटी फक्त जावयापुढे ठेवलीस, आम्हाला दूध. तुझ्या हातची भाजी इतकी मचूळ झाली, की निफाडहून येताना हे खिशात शेवेची पुडी घालून आणायचे आणि तू आत गेलीस की भाजीवर टाकायचे. तुला ते माहीत होतं, तू आतून हसायचीस. पहाटे साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तू काकूंबरोबर स्टेशनच्या पुलापर्यंत चालत जायचीस. वर्षभरात आकडा उतरला. डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि तू तो कागद जिन्यात भेटेल त्याला दाखवत सुटलीस. वजनही उतरलं. भरल्या अंगाची बाई तू, पण गालफडं दिसायला लागली. सगळी ब्लाउजं सैल झाली, तेव्हा तू ती उसवून, एकेक अंगावर चढवून बघत पुन्हा आवळलीस.

त्याच आवळण्यात कधीतरी तुझ्या हाताला ते लागलं. डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, कडक. तू काय समजलीस ते तू मला नंतर सांगितलंस आणि ते ऐकून मी कपाळावर हात मारला होता. तुला वाटलं, वजन उतरलं म्हणून बरगडी लागतेय. चालण्याचं फळ म्हणून तू गाठीकडे बघत होतीस. मग ती मोठी वाटायला लागली तेव्हा आमच्याकडे द्राक्षांची तोडणी चालू होती, आणि मालाच्या दिवसांत लेकीच्या डोक्याला घोर नको म्हणून आणखी दीड महिना काढलास. चैत्रात सांगितलंस. सर्जननं नुसती बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा बदलला. मग तो फोटो. फोटोचे डॉक्टर वयस्क होते. बराच वेळ पेटीपुढे वाकून ते म्हणाले, फोटोत वेगळं असं काही दिसत नाही, पण हाताला लागतंय म्हणजे आहेच, आपण सोनोग्राफी करू. सोनोग्राफीत ती लगेच दिसली. नीट ऐक आई, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. फोटोत दिसत नाही, असं ते म्हणाले होते. मी ते कानामागे टाकलं, कारण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ते पिवळं कूपन.

दोन वर्षांपूर्वी तो फोटो निघाला असता तर. वाण म्हणून का होईना, कुणी तुझ्या हातात ते पाकीट ठेवलं असतं तर. पाकिटं भरायला चाललीस, पाक करायला चाललीस, घ्यायला तेवढी चालली नाहीस. मी हे सगळं तुला हॉस्पिटलच्या खाटेशी बसून ऐकवत होते, ऑपरेशन होऊन तुझ्या काखेतून नळी निघालेली असताना. काकू नुकत्याच मुगाचं कढण ठेवून गेल्या होत्या आणि मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं, झोपलीस. मग तू म्हणालीस, "कुनाला तरी धरल्याबिगर तुला रडता येत नाय का?" तुझं ते वाक्य मला तेव्हा इतकं लागलं, की मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले.

पुढचं तुलाही माहीत आहे, पण मला लिहू दे. औषधांनी केस गेले, तोंड आलं, अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, काय वाटेल ते खाऊ द्या, तूप द्या, साय द्या, अंगात काही राहू द्या. मी गुरगुट्या भातावर तूप घालून आणला. तू चमचा अडवलास. "तूप नको. माझं परत वाढंल." त्या भातावरचं तूप मी बोटानं निपटून काढलं आणि तुला नुसता भात भरवला. काय करणार होते? तू आयुष्यात एकच परीक्षा पास झाली होतीस आणि तिच्यात तुला नापास व्हायचं नव्हतं. आणि शेवटच्या आठवड्यात, तुला ओळख राहिली नव्हती तेव्हा, मी रोज डॉक्टरांना विचारायचे, किती वेळ अजून? एके दिवशी ते कंटाळून म्हणाले, "हृदय चांगलं आहे हो त्यांचं. म्हणून वेळ लागतोय." इतकं चाललीस, इतकं मचूळ खाल्लंस, ते यासाठी.

तेराव्याला काकू आल्या. घर भरलेलं होतं, निफाडची माणसं, चांदवडहून मामा-मामी. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी तो बाजूला केला. मी म्हणाले, "तुमचं ते वाण माझ्या आईला दिलं असतं, तर ती आज असती." मोठ्यानं नव्हते बोलले, पण ऐकलं सगळ्यांनी. काकूंनी वाद घातला नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "मी हातात घेतलं होतं गं तिच्यासाठी. तिला वाईट वाटेल म्हणून परत ठेवलं." आणि चपला घालून समोरच्या दारात गेल्या. मामी नंतर मला म्हणाली, असं बोलू नाही बाई, चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? मी म्हणाले, मग चोर दाखव. मामीजवळ चोर नव्हता.

पुढच्या संक्रांतीपासून काकूंनी मंडळाचं हळदीकुंकू बंद केलं आणि नुसता तिळगूळ समारंभ ठेवला. यायला सगळ्यांना मोकळीक. काही बायका रुसल्या, दोघी-तिघींनी मंडळ सोडलं. मला हे दुसऱ्यांकडून कळलं. मग मुलीच्या कॉलेजसाठी आम्ही निफाड सोडून तुझ्याच घरात राहायला आलो आणि काकू पुन्हा समोर आल्या, रोजच्या. त्यांचे यजमान गेले. मुलगा पुण्याला. आता मंडळ नव्या सुना चालवतात, हळदीकुंकू पुन्हा सुरू झालंय, आणि काकूंना आता आमंत्रण नसतं. दर संक्रांतीला त्या वाटीत तिळगूळ घेऊन माझ्या दारात येतात. गोड बोला असं म्हणायचं टाळतात, नुसती वाटी पुढे करतात. मी वाटी घेते, रिकामी करून देते. तो तिळगूळ मी अजून कधी खाल्लेला नाही. हे खातात, वर म्हणतात, पाक तुझ्या आईसारखाच जमलाय. कुणाकडून शिकल्या असणार ते सांगायला नको.

आता कालचं. त्या डॉक्टर मुलीनं मला काय सांगितलं ते सांगते. स्तनात दोन प्रकारचं असतं, एक दुधाच्या ग्रंथींचं आणि तंतूंचं, आणि एक चरबी. फोटोत चरबी काळी दिसते, बाकीचं पांढरं. पाळी गेली की बहुतेक बायकांमध्ये पांढरं कमी होत जातं आणि चरबी वाढते, म्हणून उतारवयात फोटो वाचायला सोपे जातात. काहींचं मात्र दाटच राहतं. तसं असणं हा आजार नव्हे, पण धोका थोडा वाढतो, आणि शिवाय गाठही फोटोत पांढरीच दिसते. "तांदळात खडा शोधायचा, आणि खडाही पांढरा," ती म्हणाली. म्हणून माझी सोनोग्राफी करायची आहे, मंगळवारी. मी तिला विचारलं, कोलेस्टेरॉलचा याच्याशी काही संबंध? ती म्हणाली, शोधतायत लोक, कुणाला संबंध दिसतो, कुणाला दिसत नाही, मी ठाम सांगणार नाही. रक्तातली चरबी वेगळी, ही वेगळी. एवढं मात्र खरं, की वजन उतरलं की इथलीही चरबी उतरते, आणि बारीक बाईच्या फोटोत पांढऱ्याचा वाटा जास्त दिसतो. मग मी तिला तुझ्याबद्दल विचारलं. सगळं सांगितलं, कूपनसुद्धा. ती पुन्हा पेटीकडे वळली. म्हणाली, "तेव्हा दिसलं असतंही कदाचित. पण गाठ हाताला लागत असतानाही त्यांच्या फोटोत दिसली नाही म्हणता, तर दोन वर्षं आधी दिसली असती असं मी नाही म्हणणार. 'काही नाही' असाच रिपोर्ट आला असता बहुतेक."

काही नाही. तू तोही कागद जिन्यात सगळ्यांना दाखवला असतास.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी ते कूपन तुझ्या हातात देऊन बघत होते. दरवेळी तू त्या मशीनपुढे उभी राहायचीस, श्वास धरायचीस, आणि फोटो पांढराच निघायचा. जिन्यात काकू भेटल्या. गुडघे धरून एकेक पायरी चढत होत्या, हातात भाजीची पिशवी. माझ्या हातातलं फोटोचं मोठं पाकीट त्यांनी बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी आपणहून प्रश्न विचारला नव्हता. काल विचारला, "काही निघालं का गं?" मी म्हणाले, निघालं नाही, पण फोटोत नीट दिसत नाही, सोनोग्राफी करायचीय. त्यांनी कठड्याला धरलं. म्हणाल्या, "मी येऊ बरोबर?"

तेव्हा सांगायचं होतं, आई. दोन वाक्यांचं काम होतं. काकू, ते वाण तुम्ही दिलं असतं तरी बहुतेक काही दिसलं नसतं. जिन्यात आम्ही दोघीच होतो. त्या थकलेल्या दिसतात आता, तू बघितलंस तर ओळखणार नाहीस, आणि हे ऐकायला त्या आणखी किती संक्रांती असतील कोण जाणे. मी म्हणाले, "नको, हे येतील." आणि दार लावून घेतलं. यांना मी मंगळवारचं सांगितलेलंही नाही.

कालपासून स्वतःला विचारतेय, का नाही सांगितलं. सूड म्हणशील तर तो कधीच विझलाय. खरं असं आहे, की तू गेलीस त्याला माझ्याजवळ एक कारण होतं, आणि ते समोरच्याच दारात राहत होतं. मी त्याच्यावर चिडू शकत होते, त्याच्या तिळगुळाला हात न लावता बसू शकत होते. ते काढून घेतलं तर उरतं काय, तर तुझं पांढरं शरीर आणि तसंच पांढरं माझं, आणि त्यात कुणाचीच चूक नाही. तू विचारलं होतंस ना, कुणाला धरल्याबिगर रडता येत नाय का? नाही येत गं. काल मी सोडून बघितलं, तर रडू आलंच नाही, नुसती भीती वाटली.

ही पानं मी तुझ्या जुन्या डब्यात ठेवणार आहे, भगरीच्या. पुढे कुणी वाचेल म्हणून ठेवत नाही, टाकवत नाहीत म्हणून ठेवतेय. आणि एवढं लिहून झाल्यावर तुला एक कबूल करते. मंगळवारी त्या खोलीत मला एकटीला जायचं नाही. बरोबर कोण हवं असं मनाशी विचारलं तर यांचं नाव आलं नाही, मुलीचंही नाही. काकूंचंच आलं. तुझ्याबरोबर पहाटे पुलापर्यंत चाललेलं माणूस आता तेवढंच राहिलंय. पण त्यांना बोलवायचं तर आधी ते दोन वाक्यांचं सांगावं लागेल. समोर कुकरची शिट्टी झाली, म्हणजे त्या घरात आहेत. मी दारापर्यंत जाऊन आले. कडी काढली आणि परत लावली.